दुपट्याला मलमाचा वास

१

छकुली गेल्याचं सगळ्यात आधी कळलं ते बंडूला.

सकाळच्या दुधाची वेळ होती. पाळणाघरातली बाकीची पोरं जाळीला लोंबकळून नुसता धिंगाणा घालत होती. पोरं म्हणजे ओरांगउटानची पिल्लं, जंगलात ज्यांच्या आया मारल्या गेल्या अशी. अनाथ पिल्लं वाढवणाऱ्या त्या केंद्रातले सगळे त्यांना पोरंच म्हणत. बंडू मात्र टोपलीतून उतरायला तयार नव्हता. तो आणि छकुली एकाच टोपलीत झोपायचे. तो तिचा हात उचलायचा आणि सोडायचा. हात खाली पडला की पुन्हा उचलायचा.

डॉक्टरीणबाईंनी छकुलीच्या छातीला नळी लावली, बराच वेळ तशीच धरून ठेवली आणि मग कानातून काढली. दोन दिवस पोर खोकत होती. औषध चालू होतं, आज उतार पडेल असं सगळे म्हणत होते. तिला दुपट्यात गुंडाळून उचललं तेव्हा बंडूने दुपट्याचं टोक धरलं ते सोडेचना. एकेक बोट सोडवून घ्यावं लागलं. त्यानंतर त्याने जो टाहो फोडला, तो ऐकून दारात उभी असलेली आत्या तोंड फिरवून बाहेर निघून गेली.

आत्या काही उठसूट रडणारी बाई नव्हे. तिची सगळी नोकरी विमा कंपनीत गेली, तीही दावे तपासण्यात. गोदामाला आग लागली की कुणी लावली, हे ही बाई राखेचा वास घेऊन सांगते, असं तिचे साहेब म्हणायचे. त्यावर ती म्हणायची, "वास कसला डोंबलाचा! माणसं बोलतात ते नीट ऐकलं की झालं."

तिला आत्या म्हणणारी खरी एकच होती, भावाची मुलगी. पोरीला लहानपणापासून या तांबूस केसांच्या वानरांचं वेड. शिक्षण संपताच परदेशातल्या या केंद्रात स्वयंसेवक म्हणून जायचं तिने ठरवलं. जागा मिळाली, बॅग भरून झाली आणि ताप आला. साधा ताप म्हणता म्हणता रुग्णालय, मग काचेआडची वेगळी खोली, आणि मग सगळंच संपलं. बॅग भरलेली तशीच राहिली. वर्ष उलटल्यावर एक दिवस वहिनी म्हणाली, "वन्सं, तिची जागा रिकामी नको राहायला. मी जाते." दादाने डोळे पुसत मान हलवली, पण यायची हिंमत काही त्याला झाली नाही. या बाईला एकटीला कशी सोडायची, म्हणून आत्याने आपल्या धरलेल्या मानेचं मलम बॅगेत टाकलं आणि तीही निघाली. वहिनीच्या तोंडून 'तिची आत्या' ऐकून ऐकून इथलेही तिला आत्याच म्हणायला लागले.

कामाच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांच्या हातात नाड्यांचे निळे मास्क दिले होते. "पाळणाघरात हा कधी म्हणजे कधीच उतरवायचा नाही. आपली सर्दी आपल्याला चार शिंका देऊन जाते, या पोरांच्या छातीत उतरते. आणि गंमत सांगू? या पोरांनी इथे कुणाचं तोंड पाहिलेलंच नाही. डोळ्यांखाली निळं कापड, असाच माणूस असतो असं त्यांना वाटतं." सगळे हसले. वहिनी हसली नाही. ती पायरीवर बसली होती आणि तिला मास्कच्या नाड्या काही केल्या बांधता येत नव्हत्या. गाठ सारखी सुटत होती. उकाड्याने बोटं घसरत असतील, असं म्हणून आत्याने त्या बांधून दिल्या.

आणि आज दुपारी जेवणाच्या शेडमध्ये डॉक्टरीणबाई सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. त्यांचे हात धुऊन धुऊन लाल झाले होते.

"माणसाची सर्दी," त्या म्हणाल्या. "आपल्यातल्याच कुणाची तरी. मास्क लावून ती एवढी जात नाही. कुणीतरी मास्क काढलाय आणि तोंड अगदी तिच्या तोंडाजवळ नेलंय."

कुणी घास उचलेना. केंद्राच्या संचालकांनी एकेकाकडे पाहिलं आणि त्यांची नजर दाईवर येऊन थांबली.

२

दाईवर नजर थांबावी याला कारण होतं. पाळणाघरातल्या पोरांना तीच आई. छातीशी धरून दूध पाजायचं, झाडावर चढायला शिकवायचं, रागवायचं, सगळं तीच करायची. मागच्या आठवड्यात तिला सर्दी झाली होती. तिने स्वतःच येऊन सांगितलं आणि नियमाप्रमाणे ती पाळणाघरापासून लांब राहिली. निदान असं सगळे समजत होते.

"पण ती गेली होती हो तिकडे," फळवाले काका मान खाली घालून म्हणाले. केंद्रातली सगळी फळं हेच चिरायचे. "दुपारी मी हातगाडी घेऊन चाललो होतो. पाळणाघराच्या काचेशी उभी होती. खोटं कशाला बोलू?"

दाईने नाही म्हटलं नाही. हो असंही म्हटलं नाही. संचालक वाईट माणूस नव्हते, पण नियम मोडल्याने एक पोर गेलं होतं. शनिवारी गावातून सामानाची गाडी येते, तिच्यातून दाईने जावं आणि तोवर पाळणाघरात पाऊल टाकू नये, असं त्यांनी सांगून टाकलं.

संध्याकाळी बंडूला दूध पाजायला डॉक्टरीणबाई गेल्या, तर तो टोपलीच्या तळाशी जाऊन दडला. सुया टोचणारी बाई ती! मग एक स्वयंसेवक गेला. दुसरा गेला. बंडूने बाटलीकडे पाठ केली ती केलीच.

"दाई गेली तर हाही जाणार," डॉक्टरीणबाई आत्याजवळ पुटपुटल्या. "हे पोर उपाशी मरेल. मी पाहिलंय असं."

आत्या तडक संचालकांच्या खोलीत शिरली.

"साहेब, काचेशी उभं राहणं म्हणजे आत जाणं नव्हे. आमच्याकडे असा दावा टेबलावर आला असता तर मी परत पाठवला असता."

"मग खरा कोण ते दाखवा," संचालक थकून म्हणाले. "मला काय हौस आहे का तिला घालवायची? शनिवारपर्यंत वेळ आहे."

दाईच्या खोलीत एक खाट होती, एक ट्रंक आणि भिंतीला टांगलेलं लहान मुलाचं झबलं. झबलं कुठल्यातरी पिल्लाने दातांनी कुरतडलेलं होतं. दाई ट्रंक भरत होती.

"तुम्ही आत गेला होतात?" आत्याने सरळच विचारलं.

"नाही. काचेपर्यंत गेले होते. छकुलीचं रडणं खोलीपर्यंत ऐकू येत होतं. राहवलं नाही."

"मग सांगायचं ना तसं! गप्प का बसलात?"

दाईने झबलं भिंतीवरून काढलं आणि घडी घातली. "चूक माझीच आहे."

"कसली चूक?"

"ओरडायला हवं होतं. ओरडले नाही."

"कुणावर ओरडायला हवं होतं? काय पाहिलंत तुम्ही?"

दाईने आत्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, कीव होती. आत्याला ते विचित्र वाटलं.

"तुम्ही नका विचारू," दाई म्हणाली. "निदान तुम्ही तरी नका विचारू." आणि तिने दार लावून घेतलं.

३

दाईने कुणालातरी पाहिलं होतं आणि ती त्या माणसाला पाठीशी घालत होती, एवढं तर आंधळ्यालाही दिसलं असतं. पण कुणाला? आणि 'निदान तुम्ही तरी' म्हणजे काय?

फळवाल्या काकांना आत्याने सकाळी पपया चिरताना गाठलं.

"मी आणि पाळणाघरात?" काका म्हणाले. "अहो बाई, माझ्या हाताला चोवीस तास पिकलेल्या फळांचा वास. मी दारात जरी उभा राहिलो तरी पोरं असा कल्ला करतील की संचालक चप्पल हातात घेऊन धावत येतील. दाराबाहेर दुधाचं सामान ठेवतो नि चालता होतो."

"त्या दिवसांत आत कोण असायचं दुपारी?"

"पोरं झोपतात तेव्हा? कुणी नाही. तुमच्या वहिनी बाहेरच्या खोलीत बाटल्या उकळायच्या. बिचारी बाई. वाफेत उभी राहून नाक लाल झालेलं, तरी हू नाही की चू नाही."

दुसरा होता फोटोवाला. लांब केसांचा, गळ्यात कॅमेरा, तोंडात सतत च्युइंगगम. आल्या आल्याच त्याने विचारलं होतं की पिल्लाला गालाशी धरून मास्कशिवाय एक फोटो काढता येईल का. डॉक्टरीणबाईंनी त्याला असं झापलं होतं की शेडमध्ये तोच विषय आठवडाभर पुरला.

"मला माहितीये, तुम्ही माझ्याकडे येणार," तो म्हणाला. "आत्या, आई शपथ, मी आत गेलोच नाहीये. नवीन आलेल्याला आधी वेगळं ठेवतात ना? छकुली गेली त्या सकाळी मला खोलीबाहेर सोडलं. मी तिला जिवंत पाहिलंसुद्धा नाही." बोलता बोलता त्याचा आवाज बदलला. "फोटो काढला तो गेल्यावरचा. डॉक्टरांनी काढायला लावला. परत बघवत नाही."

त्याचं बोलणं खरं होतं. त्याच्या दाराबाहेर ताट ठेवायचं काम आत्याकडेच होतं.

ती खोलीवर आली तेव्हा वहिनी पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड करून पडली होती. छकुली गेल्यापासून ती जवळजवळ उठलीच नव्हती.

"जेवलीस?"

"नको वाटतंय, वन्सं. डोकं जड झालंय."

आवाज बसलेला, नाक चोंदलेलं. आत्या पुढे काही बोलली नाही. पोर गेल्यापासून त्यांच्या घरात न ठरवता एक गोष्ट ठरून गेली होती. सकाळी कुणाचं नाक लाल दिसलं, कुणाचा आवाज बसलेला वाटला, तर विचारायचं नाही. रात्री रडणं झालं असणार, आणखी काय? दादाही विचारायचा नाही, आत्याही नाही. चहा पुढे करायचा आणि दुसरं काहीतरी बोलायचं. इथे आल्यावरही तेच चालू होतं.

आत्याने मान चोळायला मलमाची डबी उघडली तर बोट थेट तळाला लागलं. "अगं बाई, एवढ्यात संपली?" असं स्वतःशीच म्हणत तिने कडेकडेचं खरवडून मानेला लावलं आणि ती पाळणाघराकडे निघाली. तिचं रोजचं काम मोठ्या जनावरांच्या पिंजऱ्यांकडे होतं, पाळणाघरात ती आजवर कधी शिरली नव्हती. पण बंडूला बाटली लावून बघायची पाळी आता तिच्यावर आली होती.

अंगरखा, टोपी, मास्क. आत्या टोपलीशी वाकली.

"काय रे लबाडा, दूध का नाही पीत?"

बंडूने मान वर केली. नाकपुड्या फुलवत वास घेतला. आणि जो कुणाकडे बघायला तयार नव्हता, तो टोपलीतून झपकन वर आला, आत्याच्या गळ्याला मिठी मारून तिच्या मानेशी नाक खुपसून राहिला. आत्याने एक हात त्याच्या पाठीवर ठेवला. तेवढ्यात त्याचा लांब हात वर आला, चार बोटं मास्कच्या काठात अडकली आणि त्याने तो खर्रकन हनुवटीखाली ओढला.

बंडू तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिचे ओठ, नाक, पुन्हा ओठ. मग त्याचा चेहरा पडला. तो हुंदका देऊन तिच्यापासून दूर सरकला आणि टोपलीत जाऊन त्याने डोक्यावर गोणपाट ओढून घेतलं.

त्याला दुसरंच कुणीतरी हवं होतं.

४

आत्याने हात धुतले, नवा मास्क बांधला आणि झालेला प्रकार जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगून टाकला. बोलणी खायची तयारी तिने ठेवली होती. पण बाई रागावल्याच नाहीत. त्यांनी हातातली नळी खाली ठेवली.

"मास्क ओढला? बंडूने?"

"चांगला हनुवटीपर्यंत."

"आमची पोरं टोपी ओढतात, कान ओढतात, केस तर उपटून काढतात. मास्क कधीच ओढत नाहीत. त्यांच्या लेखी तेच तोंड आहे. स्वतःचं नाक कुणी ओढून काढायला जातं का?"

"म्हणजे आता त्याला कळलंय की कापडाखाली आणखी काहीतरी असतं."

"कुणीतरी दाखवलंय म्हणून."

बाहेर कुठेतरी मोठा नर जाळीवर धडका देत होता.

"पण इतरांचा नाही ओढला त्याने," आत्या म्हणाली. "तुमचा नाही, त्या दोघांचा नाही. माझाच का? मी तर पाळणाघरात पहिल्यांदाच गेले."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. पाहून पुन्हा खाली पाहिलं.

"आत्या, एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. आधी तुमच्याशी बोलावं असं वाटत होतं, पण धीर होत नव्हता."

"बोला की."

त्यांनी कपाटातून बांधून ठेवलेली प्लास्टिकची पिशवी काढली. आत छकुलीचं दुपटं होतं.

"उघडून वास घ्या."

आत्याने गाठ सोडली. दुधाचा आंबूस वास आला, पिल्लाच्या अंगाचा आला, आणि त्या दोन्हींच्या वर कापराचा झणझणीत वास नाकात शिरला.

"असं मलम या केंद्रात दुसऱ्या कुणाकडे नाही," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "जेवायला तुमच्या शेजारी बसलं की हाच वास येतो. हे तुमचं मलम आहे."

५

आत्या सामानाच्या गाडीसाठी केलेल्या रस्त्याने चालत राहिली आणि दमल्यावर एका ओंडक्यावर बसली. डोकं नको म्हटलं तरी चालत होतं. तीस वर्षांची सवय, ती काय अशी जाते?

दुपट्याला मलमाचा वास. म्हणजे मलम लावलेल्या माणसाने छकुलीला दुपट्यासकट उराशी धरलं. बंडूने ते टोपलीतून पाहिलं. या वासाच्या माणसाच्या कापडाखाली एक तोंड असतं, हे तो शिकला. तोच वास पुन्हा आला तेव्हा त्याने ते तोंड शोधलं, आणि भलतंच निघालं म्हणून रडला. मलम एकच, पण ते लावणारी माणसं दोन असली पाहिजेत. डबी एकटीच्या मानेने एवढ्यात संपत नाही. आणि मलम नुसतं मानेला लावतात असं थोडंच आहे? डोकं जड झालं की कपाळाला लावतात, नाक चोंदलं की नाकाला आणि छातीला.

नाक चोंदलं की.

आत्याला सकाळची वहिनी आठवली. कालची आठवली. मागच्या आठवड्यातली, बाटल्यांच्या वाफेत उभी असलेली. लाल नाक, बसलेला आवाज, मधूनच एखादी शिंक. रोज डोळ्यांसमोर होतं सगळं. दुसरं कुणी असतं तर पहिल्याच दिवशी तिने म्हटलं असतं, 'अगं, सर्दी झालीये तुला, आत जाऊ नकोस.' आपण चहा पुढे केला आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या. शोक करणाऱ्या घराने सर्दीला रडणं समजावं आणि त्यापायी एक लेकरू जावं, असा दावा तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

क्षणभर तिच्या मनात आलं, मलम माझंच आहे. मीच गेले होते असं सांगून टाकलं तर? दाई राहील, बंडू दूध पिईल, वहिनीला कुणी बोट लावणार नाही. कोण तपासायला बसलंय? पण खोट्या दाव्यावर तिने आजवर सही केली नव्हती. आणि केली असती तरी वहिनीला खरं कळल्याशिवाय थोडंच राहणार होतं?

खोलीत वहिनी तशीच पडून होती. आत्या खाटेच्या कडेला बसली.

"वहिनी, छकुलीला तू घेतलं होतंस."

पांघरुणाखाली काही हललं नाही.

"मास्क काढून घेतलं होतंस."

मग वहिनी उठून बसली. "वन्सं, मला सर्दी नव्हती हो," ती म्हणाली. "सर्दी असती तर मी पाय तरी ठेवला असता का आत? मी रडत होते. इथे आल्यापासून सारखं रडूच येतंय. रडलं की नाक वाहतं, डोकं दुखतं, म्हणून तुमचं मलम लावत होते. नुसतं रडणं होतं ते."

आत्याला पुढचं विचारायचं नव्हतं. विचारल्यावाचून गत्यंतरही नव्हतं.

"रडणाऱ्याला शिंका येतात का गं?"

आत्याच्या डोळ्यांदेखत तिला कळत गेलं. तिने दोन्ही हात तोंडावर दाबले, पण आवाज काही दाबला गेला नाही. आत्याने तिला धरून ठेवलं.

"का काढलास मास्क?" पुष्कळ वेळाने आत्याने विचारलं. "तू तर नियमाची इतकी पक्की."

"पक्की होते म्हणूनच," वहिनी म्हणाली. "तुम्हाला नाही सांगितलं कधी. ह्यांनाही नाही. काचेआडच्या त्या खोलीत मला एकदा आत सोडलं होतं ना, शेवटी? मास्क, चष्मा, टोपी, सगळं घालून. ती म्हणाली, 'आई, तुझं तोंड दाखव ना एकदा.' मी म्हटलं, 'बाळा, काढायचा नसतो. बरी झालीस की बघ हवं तेवढं.' पुन्हा म्हणाली. मी नाही काढला. तुला त्रास होईल म्हटलं. नर्स दारात उभी होती. वन्सं, माझी पोर मरताना कापड बघत मेली हो."

आत्याने तिचा हात आपल्या हातात घेतला.

"आणि इथे ही. दाई नाही म्हणून जिवाच्या आकांताने रडायची. मी आत गेले, उचललं. माझ्याकडे बघायची आणि जास्तच रडायची. मला वाटलं, हिलाही आईचं तोंड बघायचंय. एकदा तरी कुणाला तरी दाखवावं. नाड्या सोडल्या. छकुली गप्प झाली. माझ्या ओठांना बोट लावून बघत बसली. मग मी रोज जायला लागले." ती थांबली. "तिथे काढायला हवा होता तिथे काढला नाही, आणि इथे..."

ते वाक्य तिला पुरं करता आलं नाही आणि आत्यानेही ते पुरं करू दिलं नाही.

६

जेवणाच्या शेडमध्ये वहिनी आपल्या पायांनी गेली आणि सगळ्यांसमोर स्वतः बोलली. आत्या सोबत यायला निघाली, तर "नको, वन्सं, हे मलाच सांगायचंय," म्हणाली, म्हणून आत्या शेडच्या दाराशीच थांबली. फळवाले काका डोळ्यांना हात लावून बाहेर गेले. फोटोवाला च्युइंगगम चघळायचा थांबला. संचालक म्हणाले की शनिवारच्या गाडीने दाई जाणार नाही. वहिनीला मात्र जावं लागेल.

"हो," वहिनी म्हणाली. "तेच बरोबर आहे."

डॉक्टरीणबाईंनी वहिनीला तपासलं. सर्दी उतरत आलेली होती. बंडूलाही ती लागून गेलेली असणार, त्या म्हणाल्या, पण तो थोडा मोठा, निभावला.

वहिनी दाईसमोर जाऊन उभी राहिली. तिला पायाच पडायचं होतं बहुतेक, पण दाईने मध्येच तिचे खांदे धरले.

"मी काचेतून पाहिलं होतं तुम्हाला," दाई म्हणाली. "पाठमोऱ्या होतात. मास्कच्या नाड्या पाठीवर लोंबत होत्या. काचेवर एक थाप मारली असती तर तुम्ही दचकून बांधल्या असत्यात."

"मग का नाही मारलीत?"

"छकुली इथे आली त्या दिवसापासून रडत होती. माझ्याजवळसुद्धा पुरती गप्प व्हायची नाही. त्या दुपारी तुमच्या गळ्यात हात टाकून शांत बसली होती. मला वाटलं, असू दे थोडा वेळ दोघींना." दाईने तिचे खांदे सोडले. "तेवढीच चूक माझी. तुमच्याइतकीच."

आत्याला आता 'निदान तुम्ही तरी' उमगलं.

शनिवारी गाडी आली. डबे, पोती, फळांच्या पाट्या उतरत होत्या. आत्याने तिन्ही बॅगा मागे चढवल्या. एक तिची स्वतःची, एक वहिनीची, आणि तिसरी पोरीने स्वतःच्या हातांनी भरलेली, जी वहिनीने इथे आल्यावरही उघडली नव्हती. वहिनी दिसेना म्हणून आत्या शोधायला निघाली. कुठे असेल ते ठाऊकच होतं.

पाळणाघराला पाहुण्यांसाठी एक मोठी काच होती. वहिनी तिच्यासमोर उभी होती, तोंडाला मास्क बांधून. काचेबाहेर त्याची गरज नव्हती, तरी बांधून. आत दाई बंडूला मांडीवर घेऊन बसली होती आणि बंडू दूध पीत होता. एका हाताने बाटली आणि दुसऱ्या हाताने दाईचा कान घट्ट धरून.

दाईने वर पाहिलं. तिला वहिनी दिसली. तिने बंडूला काचेकडे वळवलं आणि आपल्या मास्कवरून एक बोट खाली ओढून खूण केली.

वहिनीने मान हलवून नको म्हटलं.

दाईने पुन्हा तीच खूण केली.

वहिनीचे हात मागे गेले. नाड्यांची गाठ तिला सुटेना. आत्या पुढे झाली आणि पहिल्या दिवशी जशी बांधून दिली होती तशीच तिने ती सोडून दिली.

बंडूच्या तोंडातून बाटली निसटली. तो दाईच्या मांडीवरून उतरला, चार पायांवर काचेपर्यंत आला आणि उभा राहिला. वहिनीच्या तोंडाकडे पाहत त्याने हात काचेवर टेकवला. मग त्याने खाली, तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. तिथे कुणी आहे का ते तो बघत होता. नव्हतं. त्याने पुन्हा वर पाहिलं. पण काचेवरून हात काही काढला नाही.

वहिनीने आपला तळवा पलीकडून त्याच्या हातावर ठेवला.

"दिसतंय का रे तोंड?" ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "दिसतंय का गं?"

गाडीवाल्याने भोंगा वाजवला. आत्या जागची हलली नाही. ती वहिनीकडे बघत होती. नाक लाल, डोळे लाल, आवाज बसलेला. पोर गेल्यापासून रोज पाहिलं होतं आणि एकदाही विचारलं नव्हतं.

"वहिनी," ती म्हणाली, "सर्दी आहे की रडतेयस?"

"सर्दी गेली, वन्सं," वहिनी म्हणाली. "आता नुसतं रडतेय."

आत्याने भोंग्याकडे लक्ष दिलं नाही. ती वहिनीला खेटून उभी राहिली, आणि तिलाही पहिल्यांदाच रडू आलं.